४२९४९६७२९७ : दोनच्या परीक्षेत पास, तीनच्या परीक्षेत नापास

संख्या आहे ४,२९,४९,६७,२९७, म्हणजे ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९७. दशमान पद्धतीत तिच्यात डोळ्यांत भरण्यासारखं काही नाही. द्विमान पद्धतीत लिहिली की मात्र ती उघडी पडते: आधी १, मग एकतीस शून्यं, मग पुन्हा १. म्हणजे २^३२ + १. (घातासाठी इथे ^ ही खूण वापरली आहे.)

२^(२^न) + १ या साच्यातल्या संख्यांना फर्मा संख्या म्हणतात. न च्या जागी ०, १, २, ३, ४ घातले की अनुक्रमे ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ मिळतात. या पाचही मूळ संख्या आहेत. न = ५ घेतलं की आपली संख्या येते; पुढे तिला फ५ म्हणू.

फ्रेंच गणिती पिएर द फर्माने १६४० मध्ये फ्रेनिक्ल या दुसऱ्या गणितीला पत्रातून कळवलं की या साच्यातल्या सगळ्याच संख्या मूळ असाव्यात असं आपल्याला वाटतं, पण सिद्धता हाती नाही. १ डिसेंबर १७२९ च्या पत्रात गोल्डबाख या गणितीने हा दावा ऑयलर या गणितीपुढे ठेवला. १७३२ मध्ये ऑयलरने तो निकालात काढला: ४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७.

६४१ ही ११६वी मूळ संख्या. २, ३, ५, ७ असं ओळीने भागत गेलं तरी एकशे सोळाव्या भागाकाराला बाकी शून्य येते. दहा अंकी संख्येला तीन अंकी संख्येने भागण्याचं काम एका चिकाट माणसाचं, दोन-तीन दिवसांचं. तरीही दावा ९२ वर्षं टिकला. तो का टिकला, याचं एक संभाव्य कारण फ५ च्या गुणधर्मांतच दडलेलं आहे: दोनच्या घातांवर बेतलेल्या या संख्येला दोनच्याच घातांनी तपासलं, तर ती कधीच पकडली जात नाही.

दोन पाया, दोन निकाल

मूळ संख्या ओळखण्याची सर्वांत स्वस्त चाचणी फर्माचीच, तीही १६४० सालचीच. प मूळ असेल आणि अ ला प ने भाग जात नसेल, तर अ^(प−१) ला प ने भागल्यावर बाकी १ उरते. यातल्या अ ला पाया म्हणू. बाकी १ आली नाही तर प नक्की संयुक्त. बाकी १ आली तर मात्र प मूळच आहे असं ठरत नाही. गोची इथेच आहे.

पाया २ घेऊ. २^३२ ही फ५ पेक्षा एकने कमी, म्हणजे तिची बाकी −१ धरता येते. वर्ग केला की २^६४ ची बाकी १. आता फ५ − १ = २^३२ हा घातांक ६४ च्या पटीत आहेच. म्हणून २^(फ५−१) ची बाकी १. चाचणी पास.

या युक्तिवादात फ५ च्या अवयवांचा उल्लेखही आला नाही. फ६, फ७, फ१०० कुठलीही घ्या, तो जसाच्या तसा चालतो. ज्या परीक्षेत कुणी नापास होऊच शकत नाही तिच्या निकालाला अर्थ नसतो. मिलर-राबिन ही अधिक कडक चाचणीही पाया २ घेतल्यास इथे फसते. तीत २, ४, १६, २५६, ६५५३६ असे वर्ग करत जायचं आणि वाटेत −१ भेटतो का पाहायचं असतं. पाचव्या वर्गाला ४२९४९६७२९६, म्हणजे −१, हजर.

आता पाया ३. ३ चा वर्ग, त्याचा वर्ग, असं बत्तीस वेळा करायचं आणि दर वेळी फ५ ने भागून बाकी ठेवायची. पहिल्या चार पायऱ्या सोप्या: ९, ८१, ६५६१, ४३०४६७२१. पाचव्या वर्गाला ३^३२ = १८५३०२०१८८८५१८४१ येतं आणि खरं भागणं सुरू होतं. इथे लांबलचक भागाकार टाळता येतो. २^३२ ची बाकी −१ असल्यामुळे संख्या २^३२ च्या गठ्ठ्यांत मोडायची आणि उरलेल्या भागातून गठ्ठ्यांची संख्या वजा करायची:

१८५३०२०१८८८५१८४१ = ४३१४३९ × २^३२ + ३७९३६३२८९७
बाकी = ३७९३६३२८९७ − ४३१४३९ = ३७९३२०१४५८

वजाबाकी ऋण आली तर फ५ मिळवायचं, एवढंच. सहाव्या वर्गाला १४६१७९८१०५ येतं. याच रीतीने पुढे गेलं की एकतिसाव्या वर्गाला १०३२४३०३ आणि बत्तिसाव्याला ३०२९०२६१६० मिळतं. ही बाकी १ नाही, म्हणून फ५ संयुक्त. एकही विभाजक ठाऊक नसताना निकाल लागला.

खरं तर एकतिसाव्या पायरीलाच थांबता येतं. फ्रेंच गणिती पेपँ याने १८७७ मध्ये दाखवलं की फर्मा संख्या (३ सोडून) मूळ असेल तेव्हा, आणि तेव्हाच, ३ च्या (फन−१)/२ या घाताची बाकी −१ येते. ३ निवडण्याला कारण आहे. या सगळ्या फर्मा संख्यांना १२ ने भागल्यावर बाकी ५ उरते, आणि अशा मूळ संख्येच्या जगात, म्हणजे तिने भागून उरणाऱ्या बाक्यांत, ३ हा कशाचाच वर्ग नसतो. पाया २ चं उलट: १७ पासून पुढे तो वर्ग निघतो, आणि पुढे विभाजक शोधताना हीच गोष्ट कामी येते.

फर्माने पाया ३ घेऊन ही बत्तीस वर्गांची आकडेमोड केली होती का? केली असेल तर त्यात चूक झाली असणार. केली नसेल तर पाया २ चा निकाल पाहून विश्वास बसला असेल. दुसरी शक्यता जास्त पटते, पण तो अंदाजच.

६४१ पर्यंत पोचण्याची वाट

समजा प ही मूळ संख्या फ५ चा विभाजक आहे. प ने भागताना २^३२ ची बाकी −१ आणि २^६४ ची बाकी १ येते. म्हणजे २ चे घात बरोबर ६४ पावलांनी १ वर परततात. फर्माच्या प्रमेयानुसार प − १ पावलांनीही ते १ वर आलेले असतातच, म्हणून ६४ ने प − १ ला भाग जायलाच हवा. विभाजक ६४क + १ या साच्यातलाच असणार.

आता यादी करू. ६५, १२९ संयुक्त. पहिली मूळ १९३, मग २५७, ४४९, ५७७, ६४१. पाच भागाकारांत काम संपतं, आणि तेही दहा अंकी संख्येवर करावे लागत नाहीत: २^१६ = ६५५३६ ची बाकी काढा, वर्ग करा, पुन्हा बाकी काढा, १ मिळवा.

१९३ ने : ६५५३६ ची बाकी १०९, तिच्या वर्गाची १०८, अधिक १ = १०९.
२५७ ने : बाकी १, वर्ग १, अधिक १ = २.
४४९ ने : बाकी ४३१, म्हणजे −१८; वर्ग ३२४, अधिक १ = ३२५.
५७७ ने : बाकी ३३५, वर्गाची २८७, अधिक १ = २८८.
६४१ ने : बाकी १५४, वर्ग २३७१६, त्याची बाकी ६४०, अधिक १ = ६४१, म्हणजे शून्य.

ऑयलरने १७३२ च्या टिपणात फक्त उत्तर दिलं. विभाजकांच्या साच्याची सिद्धता १७४७ च्या लेखात आली. १८७८ मध्ये ल्यूकाने गाळणी आणखी बारीक केली. प ला ८ ने भागल्यावर बाकी १ उरत असेल तर २ हा प च्या जगात कुणाचा तरी वर्ग असतो. त्या ‘कुणाच्या’ घातांना १ वर परतायला १२८ पावलं लागतात, म्हणून प = १२८क + १. या यादीत ६४१ च्या आधी एकटी २५७ उरते. पण २५७ स्वतःच फर्मा संख्या आहे आणि कुठल्याही दोन फर्मा संख्यांना सामाईक विभाजक नसतो. म्हणजे तपासायची पहिलीच संख्या ६४१.

उत्तर हातात असेल तर पडताळा दोन ओळींचा. ६४१ = ५ × २^७ + १ आणि ६४१ = ५^४ + २^४. पहिल्यावरून ५ × २^७ ची बाकी −१, म्हणून चौथ्या घाताला ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्यावरून ५^४ च्या जागी −२^४ ठेवा: −२^३२ ची बाकी १. झालं. याच समीकरणातून आणखी एक गंमत निघते. ५^८ आणि २^८ यांची बाकी एकच, म्हणून १०^८ आणि २^१६ यांचीही एकच, आणि १०००००००००००००००१ या सतरा अंकी संख्येलाही ६४१ ने पूर्ण भाग जातो.

फर्माची स्वतःची अवयव पाडण्याची रीत, म्हणजे संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीत मांडणं, इथे उपयोगी पडली नसती. ती जवळजवळ सारख्या आकाराचे अवयव पटकन काढते. फ५ साठी ६५५३७ पासून सुरुवात करून ३३५०५२९ पर्यंत जावं लागतं, म्हणजे ३२ लाख ८४ हजार ९९३ वर्ग तपासणं. एक अवयव तीन अंकी आणि दुसरा सात अंकी असला की ही रीत साध्या भागाकारापेक्षाही वाईट.

६७००४१७ सुद्धा मूळ आहे का?

घाईत हा भाग सुटतो. फ५ ला ६४१ ने भागून मिळालेला भागाकार मूळ असेलच असं नाही. पण त्याचा प्रत्येक मूळ विभाजक फ५ चाही विभाजक आहे, म्हणून तोही १२८क + १ याच साच्यातला. ६७००४१७ चं वर्गमूळ २५८८ च्या थोडं पुढे. तिथपर्यंत या साच्यातल्या मूळ संख्या पाचच: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. २५७ आधीच बाद. उरलेल्या चारांनी भागल्यावर बाक्या येतात ४४, १२०, ३३४ आणि ६२२. एकही शून्य नाही, म्हणून ६७००४१७ मूळ.

अवयव हाती आल्यावर

विभाजक चारच: १, ६४१, ६७००४१७ आणि स्वतः फ५. त्यांची बेरीज ४३०१६६८३५६. स्वतःला वगळून बेरीज ६७०१०५९, म्हणजे संख्या खूपच न्यून (ही बेरीज स्वतःपेक्षा कमी असलेली) आहे. तिच्याहून लहान आणि तिच्याशी सहमूळ असलेल्या संख्या ६४० × ६७००४१६ = ४२८८२६६२४०.

प्रकरणाचा कणा पुढच्या आकड्यात आहे. फर्मा चाचणीत फ५ ला खोटा ‘पास’ देणारे पाये किती? प्रत्येक अवयवासाठी (अवयव − १) आणि (फ५ − १) यांचा मसावि काढायचा आणि मसाविंचा गुणाकार करायचा. ६४० = २^७ × ५ आणि ६७००४१६ = २^७ × ३ × १७४४९. फ५ − १ हा निव्वळ दोनचा घात, म्हणून दोन्ही मसावि १२८. गुणाकार १६३८४. सव्वाचारशे कोटींहून जास्त पायांत खोटं बोलणारे फक्त १६३८४, साधारण २,६२,१४४ मागे एक! डोळे मिटून कुठलाही पाया उचलला असता तरी फ५ जवळपास नक्की पकडली गेली असती. पण माणूस सोपा म्हणून पहिल्यांदा २ उचलतो आणि २ नेमका त्या १६३८४ मधला आहे. २ चे ६४ वेगवेगळे घातही त्यातच येतात, म्हणून ४, ८, १६ घेऊन ‘दुसरा पाया’ तपासल्याचं समाधान मानू नये.

हाच सापळा अवयव शोधण्याच्या पोलार्डच्या प−१ पद्धतीतही आहे. ६४० चे अवयव लहान असल्यामुळे ही पद्धत इथे फार सोयीची: ३^६४० − १ आणि फ५ यांचा मसावि काढा, ६४१ बाहेर पडतो. पाया २ घेतला तर ६४० हा ६४ च्या पटीत असल्यामुळे २^६४० − १ ला दोन्ही अवयवांनी भाग जातो आणि मसावि म्हणून अख्खी फ५ परत येते. प्रोग्रॅमने ‘अवयव सापडला नाही’ म्हटलं तर आधी पाया बदलून पाहावा.

दोन वर्गांची बेरीज, दोन प्रकारे

फ५ = ६५५३६² + १² हे उघड आहे. दुसरी मांडणी लपलेली: ६२२६४² + २०४४९². मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येत असेल तर ती एकाच प्रकारे येते. दोन मांडण्या सापडल्या की संख्या संयुक्त, हा स्वतंत्र पुरावा झाला.

दोन मांडण्या अवयवांमधूनच येतात. ६४१ = २५² + ४² आणि ६७००४१७ = २५५६² + ४०९². ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये मांडलेल्या ‘भावना’ नावाच्या गुणाकाराच्या नियमाचाच हा एक प्रकार: दोन वर्गांच्या बेरजांचा गुणाकार पुन्हा दोन वर्गांची बेरीज असतो. २५ × २५५६ = ६३९०० आणि ४ × ४०९ = १६३६; बेरीज ६५५३६, वजाबाकी ६२२६४. तिरकस गुणाकार २५ × ४०९ = १०२२५ आणि ४ × २५५६ = १०२२४; वजाबाकी १, बेरीज २०४४९. तो एकटा १ कुठून येतो ते इथे दिसतं: १०२२५ आणि १०२२४ शेजारी आहेत म्हणून.

उलट दिशेने, मांडण्यांवरून अवयवही निघतात. ६५५३६ − ६२२६४ = ३२७२ आणि २०४४९ − १ = २०४४८. मसावि ८. भागून ४०९ आणि २५५६ उरतात. त्यांच्या वर्गांची बेरीज ६७००४१७.

यंत्रावर काय बिघडतं

ही संख्या संगणकाच्या शब्दलांबीला नेमकी काठावर टेकते, म्हणून चुकाही ठरावीक जागी होतात.

३२ बिटांच्या पूर्णांकात फ५ मावत नाही. चिन्हविरहित ३२ बिटांची कमाल किंमत ४२९४९६७२९५, फ५ तिच्यापेक्षा दोनने मोठी. साठवायला गेलं की वरची बिट गळते आणि चलात १ राहतो. मग ‘बाकी’ विचारली की प्रत्येक वेळी शून्य, कारण आपण १ ने भागत असतो.

६४ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात फ५ मावते, पण वर्ग मावत नाहीत. पाया ३ च्या सहाव्या वर्गाला ३७९३२०१४५८ चा वर्ग करायचा असतो. तो एकोणीस अंकांच्या ९२२३३७२०३६८५४७७५८०७ या मर्यादेपलीकडे जातो आणि पुढचं सगळं कचरा. चिन्हविरहित ६४ बिटांत हा वर्ग मावतो. तिथे कमाल किंमत २^६४ − १, आणि फ५ च्या बाक्यांपैकी फक्त एकाच बाकीचा वर्ग तिच्याबाहेर जातो: ४२९४९६७२९६ चा, जो बरोबर २^६४ आहे, मर्यादेपेक्षा एकने जास्त. त्याचा शून्य होतो. पाया २ घेऊन सलग वर्ग करणारा प्रोग्रॅम सहाव्या पायरीला याच बाकीचा वर्ग करतो, १ च्या जागी ० मिळवतो आणि शेवटी ‘संयुक्त’ असा बरोबर निकाल चुकीच्या कारणाने देतो. असा प्रोग्रॅम याहून लहान संख्यांवर बिनचूक चालतो, त्यामुळे चूक शोधणं अवघड जातं. १२८ बिटांचा मधला गुणाकार वापरावा, किंवा वर दिलेली गठ्ठ्यांची युक्ती.

एक्सेलमध्ये हा प्रयोग करू नये. तिथे पंधराच अंक भरवशाचे. ३^३२ सोळा अंकी आहे. हाताने टाइप केलं तर शेवटचा १ जाऊन ० येतो आणि बाकी एकने चुकते. पुढच्या वर्गाला चूक वाढत जाते. पायथॉनमध्ये पूर्णांकांना लांबीची मर्यादा नाही. तिथल्या पॉव फंक्शनला पाया, घातांक आणि भाजक असे तीन आकडे दिले की क्षणात ३०२९०२६१६० मिळतं. भाजक न देता आधी घात आणि मग बाकी असं लिहिलं तर ३ चा चारशे कोटीवा घात मेमरीत उभा करायला यंत्र धडपडत बसतं.

अंकांचे गुणधर्म, थोडक्यात

अंकांची बेरीज ५९. फ५ ला ५९ ने भाग जात नाही, म्हणून ती हर्षद, म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जाणारी, संख्या नाही; ही कल्पना कापरेकरांची. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांची दुसरी कल्पना स्वयंभू संख्येची: कुठल्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी तयार होत नाही, ती स्वयंभू. फ५ स्वयंभूही नाही. ४२९४९६७२४५ च्या अंकांची बेरीज ५२, आणि दोन्ही मिळवले की ४२९४९६७२९७. दुसरा जनक नाही. नऊच्या कसोटीने गुणाकार पडताळता येतो: ६४१ ला ९ ने भागून उरणारी बाकी २, ६७००४१७ ची ७, गुणाकार १४ म्हणजे ५, आणि ५९ ची बाकीही ५. हे गुणधर्म दशमान लेखनाचे आहेत. संख्येच्या अवयवांबद्दल ते काही सांगत नाहीत.

शेजारची संख्या

फ५ पेक्षा दोनने लहान असलेली ४२९४९६७२९५ अगदी उलट स्वभावाची: ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७. आधीच्या पाचही फर्मा संख्यांचा गुणाकार. म्हणून ४२९ कोटींहून जास्त बाजूंचा तो सुसम बहुभुज फक्त पट्टी आणि कंपास वापरून तत्त्वतः काढता येतो, कारण गाऊस आणि वान्ट्झेल यांच्या निकषाप्रमाणे बाजूंच्या संख्येत दोनचे घात आणि वेगवेगळ्या मूळ फर्मा संख्याच असाव्या लागतात. ४२९४९६७२९७ बाजूंचा काढता येत नाही. विषम बाजूंच्या अशा ज्ञात बहुभुजांत ४२९४९६७२९५ हाच सर्वांत मोठा. सहावी मूळ फर्मा संख्या सापडली तरच हे बदलेल. फ५ ते फ३२ सगळ्या संयुक्त ठरल्या आहेत. फ३३ चा निकाल लागलेला नाही: ती सुमारे २५८ कोटी अंकी आहे, आणि तिच्यावर पेपँची चाचणी लावायची तर तेवढ्या लांबीच्या संख्यांचे आठशे कोटींहून जास्त वर्ग एकापाठोपाठ एक करावे लागतील.